न बोलावलेले पाहुणे: इंग्लंडच्या शेतातील वुडपिजन आणि फसवी कबुतरे

नमस्कार. विषयाचे नाव वाचून सभागृहातील काही पक्षिमित्रांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे दार बंद केले. ते बंदच राहावे, असे माझेही मत आहे. पण माझे वास्तव्य बरीच वर्षे दक्षिण इंग्लंडमध्ये होते आणि तिथे शेजारच्या एका शेतकऱ्याबरोबर मी लपणात बसायला जात असे. बंदूक त्याची असे, दुर्बीण माझी. तेव्हा आज कबुतरे किती पडली यापेक्षा, कबुतरांसाठी मांडलेल्या देखाव्याला भुलून किंवा त्याची चाहूल लागून आणखी कोण कोण येते, याबद्दल मी बोलणार आहे.

आधी मुख्य पात्राची ओळख करून देतो. वुडपिजन हा आपल्या पारव्यापेक्षा चांगलाच मोठा, साधारण अर्धा किलो वजनाचा पक्षी आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग आणि पंखावर आडवा पांढरा पट्टा ही त्याची खूण. मुळात तो जंगलातला, पण इंग्लंडमधल्या शेतीने त्याला बारमाही पंगत वाढून ठेवली. हिवाळ्यात मोहरीच्या कुळातल्या रेप या तेलबियांच्या पिकाची कोवळी पाने, वसंतात पेरलेला वाटाणा, उन्हाळ्यात वाऱ्यापावसाने आडवा पडलेला गहू आणि कापणीनंतर धसकटांत सांडलेले दाणे, असे त्याचे वर्ष निघते. शेकड्यांनी थवा उतरला की कोवळ्या रेपच्या शेतात हिरवे पान शोधावे लागते. म्हणून पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी, सरकारने घातलेल्या अटी पाळून, त्याला मारण्याची मुभा तिथल्या शेतकऱ्याला आहे.

त्याची रीत अशी. आधी शेतावर दुर्बीण लावून थवे कुठून येतात, कोणत्या झाडांच्या रांगेवरून उतरतात, हे पाहायचे. मग कुंपणाच्या झुडपाला लागून, काठ्या रोवून आणि त्यावर जाळी टाकून लपण उभे करायचे. वारा पाठीवर घेऊन बसायचे, आणि समोर वीसेक मीटरवर फसवी कबुतरे मांडायची: काही प्लास्टिकची पोकळ, काही आधी मारलेली, मान काडीने सावरून जिवंत वाटतील अशी बसवलेली. मांडणी बहुधा घोड्याच्या नालासारखी असते आणि तिचे उघडे तोंड वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवतात. कारण कबुतर वाऱ्याला सामोरे जात उतरते आणि मधल्या मोकळ्या जागेकडे वळते. अलीकडे बॅटरीवर फिरणारे यंत्रही आले आहे. त्याच्या दोन लांब दांड्यांना एकेक मेलेले कबुतर पंख पसरून लावतात, आणि ते गरगरले की पंखांवरचे पांढरे पट्टे दूरवरून चमकतात.

आपल्याकडच्या फासेपारधी समाजातल्या जुन्या जाणकारांची रीत आठवून पाहा. पाळलेल्या तित्तिराला बोलते करायचे, भोवती फासे लावायचे, आणि आपल्या हद्दीत कोण शिरला म्हणून भांडायला धावून आलेला रानातला तित्तिर त्यांत अडकायचा. तिथे भांडण कामाला येते, इथे विश्वास. दहा जण निर्धास्त चरत आहेत म्हणजे जागा सुरक्षित आहे, एवढाच हिशेब वुडपिजन करतो. जिवंत पक्षी बांधून, आंधळा किंवा जायबंदी करून आमिष म्हणून वापरणे इंग्लंडमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. म्हणून सगळा भर निर्जीव सोंगावर.

अडचण अशी, की हे सोंग उघड्या रानात मांडलेले असते. ‘इथे दाणा आहे, इथे भीती नाही’ हा मजकूर कबुतरांसाठी असला, तरी तो वाचायला कोणालाच मनाई नाही, आणि ज्याची जशी भूक तसा त्याचा अर्थ लागतो. शिवाय लपणात बसलेला माणूस त्या रानापुरता नाहीसाच झालेला असतो, त्यामुळे येणारे बेधडक येतात. लपणात बसणाऱ्याचे कौशल्य लोक नेमावरून मोजतात. माझ्या मते ते आधी ओळखीत आहे: समोर आलेला जीव कोण हे पुरते कळण्याआधी बंदूक खांद्याला न लागणे, यात.

याची पहिली परीक्षा स्टॉक डव्ह घेतो. हाही करडाच, पण आकाराने लहान, पंखांची फडफड जलद, आणि मानेवर वा पंखावर पांढऱ्याचा मागमूस नाही. फसव्या कबुतरांवर तो वुडपिजनपेक्षाही सहज येतो, बहुधा जोडीने, आणि त्याला मारणे गुन्हा आहे. पाठीमागून सूर्य असेल तर दोघेही काळ्या आकृत्याच दिसतात. अशा वेळी माझा शेजारी हात मांडीवर ठेवून बसून राही आणि पक्षी वळून पांढरा पट्टा दिसेपर्यंत वाट पाही. बहुतेक वेळा तोवर संधी निघून जाई. दुसरी परीक्षा शर्यतीच्या कबुतरांची. आपल्या पारव्याच्याच वंशातली ही कबुतरे शेकडो किलोमीटरच्या उड्डाणात थकली, की खाली बसलेला थवा पाहून विसाव्याला उतरतात. पायात कडे असते, त्यावर क्रमांक असतो, आणि कुठेतरी घराच्या माळ्यावर त्यांचा मालक घड्याळाकडे डोळे लावून बसलेला असतो. हा रानातला पक्षी नव्हे, पाळीव आहे आणि परक्याची मालमत्ता आहे.

आता शिकारी पक्ष्यांकडे येऊ. आपल्या शिक्र्याची भाऊबंद म्हणजे तिथली स्पॅरोहॉक. नर जेमतेम दीडशे ग्रॅमचा, चिमण्या-टिटसारख्या लहान पाखरांवर जगणारा; मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि स्वतःहून जड असलेल्या वुडपिजनलाही ती लोळवते. एका दुपारी अशीच एक मादी कुंपणाला घासून, जमिनीपासून हातभर उंचीवर सरळ आली आणि मांडणीतल्या कडेच्या कबुतरावर आदळली. ते प्लास्टिकचे होते. ती त्यावर पंख पसरून, शेपटी जमिनीला टेकवून उभी राहिली. पिवळाजर्द डोळा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग तिने मानेवर दोनदा चोच मारली, नखे सैल केली, पुन्हा घट्ट रोवली. पोकळ कवच तिच्या वजनाने कलंडले, तशी ती उडून कुंपणावर बसली आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. बरोबरच्या शेतकऱ्याने तोवर बंदूक उघडून बाजूला ठेवली होती. शिकारी पक्ष्याला काय दिसते याचा विचार केला, तर तिचे वागणे सयुक्तिक होते. शिकारी पक्षी आला की खरा थवा क्षणात उठतो. जो उठत नाही तो आजारी, जखमी किंवा बेसावध, म्हणजेच सोपे भक्ष्य. कबुतरांना सुरक्षित वाटणारी निश्चलता तिला निमंत्रण वाटते.

बहिरी ससाणा क्वचित येतो, पण तो आल्याचे आधी आकाशाकडे न पाहताच कळते. आसपासचे रूक कावळे कलकलाट करत उठतात, अर्ध्या मैलातली कबुतरे रान सोडतात, आणि पुढचा तासभर लपणात बसणे निरर्थक ठरते. नेमबाज यावर कुरकुरतात. ती कुरकूर ऐकली की मला १९६० सालची एक हकीकत आठवते, आणि ती जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धात संदेशवाहक कबुतरांना धोका नको म्हणून ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये बहिरी ससाणे मारण्याचा हुकूम काढला आणि सुमारे ६०० ससाणे मारले गेले. युद्धानंतर त्यांची संख्या सावरली. पुढे १९५४ मध्ये पक्षिसंरक्षणाचा कायदा आला आणि ससाण्याला संरक्षण मिळाले. गंमत म्हणजे त्या कायद्याने स्पॅरोहॉकला तेवढे वगळले होते, तिला संरक्षण मिळायला १९६३ उजाडले. तर १९६० मध्ये शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली, की ससाणे फार माजले आहेत, आमची कबुतरे मारतात, त्यांचे संरक्षण काढा. तक्रारीत तथ्य किती हे पाहण्यासाठी डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९६१ आणि १९६२ मध्ये देशभर गणना झाली. निष्पन्न झाले ते नेमके उलटे. ससाणे माजले नव्हते, नाहीसे होत होते. दक्षिण इंग्लंडमधल्या कड्यांवरची कितीतरी जुनी घरटी रिकामी होती, आणि जिथे जोडी होती तिथेही अनेकदा पिल्ले नव्हती.

कारण शेतातच होते. पेरणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून डील्ड्रिन, आल्ड्रिन यांसारखी विषे चोळली जात. वुडपिजन ते बियाणे खात आणि शेतातच मरून पडत. मेलेली आणि मरणासन्न कबुतरे कोल्हे खात. १९५९-६० च्या हिवाळ्यात पूर्व इंग्लंडमध्ये कोल्ह्यांच्या मरण्याचा सुकाळ झाला आणि सुरुवातीला लोकांना तो एखादा नवा साथीचा रोग वाटला. ससाणे आणि स्पॅरोहॉक याच साखळीच्या टोकाला होते. त्यात डीडीटीची भर पडली. तिच्यामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन घरट्यातच फुटत, हे रॅटक्लिफने १९६७ मध्ये दाखवून दिले. पूर्वेकडच्या शेतीप्रधान परगण्यांतून स्पॅरोहॉक तर जवळजवळ पुसली गेली होती. म्हणजे त्या काळात तिथे फसवी कबुतरे मांडून बसलेल्या माणसाला माझ्यासमोर घडलेला प्रसंग दिसण्याची शक्यता फारच कमी होती. विषांवर एकेक करून निर्बंध आल्यावर हे पक्षी हळूहळू परतले. ससाण्याने दुपार वाया घालवली म्हणून चिडणाऱ्याने हा इतिहास एकदा वाचावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बझर्ड हा मोठा शिकारी पक्षी आणि तांबडी घार यांचे येणे मात्र वेगळ्या हेतूने असते. त्यांना जिवंत कबुतराचा पाठलाग करायचा नसतो, मेलेले हवे असते. तांबडी घार इंग्लंडमधून एकोणिसाव्या शतकात नामशेष झाली होती; १९८९ पासून स्पेनमधून पिल्ले आणून ती चिल्टर्न टेकड्यांवर सोडली गेली, आणि आज त्या भागात बंदुकीचा बार झाला की घारी घिरट्या घालू लागतात. बझर्ड सरळ मांडणीत उतरतो आणि एखादे कबुतर ओढत नेऊन कुंपणाशी सोलत बसतो. शिकाऱ्याचे एक आमिष कमी होते, यापलीकडे हा विनोद नाही, कारण त्या कबुतराच्या अंगात छर्रे असतात. ते शिशाचे असतील, तर मांसाबरोबर बझर्डच्या पोटात जातात आणि त्याच्या आम्लाने विरघळून रक्तात उतरतात. म्हणून पडलेला प्रत्येक पक्षी, कुंपणापलीकडे जाऊन पडलेलासुद्धा, शोधून उचलणे हे शिष्टाचाराचे काम नसून जबाबदारीचे आहे. ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामागे हेही एक कारण आहे.

जमिनीवरून येणाऱ्यांची यादी लांबवत नाही. कोल्हा दिवसाढवळ्या येऊन एक कबुतर उचलतो आणि मागे वळूनही पाहत नाही. रो जातीची हरणे चरत चरत जाळीपर्यंत येतात. वारा फिरून माणसाचा वास लागला की कुत्र्यासारखे भुंकून पळतात. रेन नावाचा अंगठ्याएवढा पक्षी तर लपणाच्या आतच शिरतो आणि काडतुसांच्या पिशवीवर बसून कोळी टिपतो.

सगळ्यांत अवघड पाहुणा माणूस. इंग्लंडमध्ये खासगी शेतांमधून सार्वजनिक पायवाटा जातात आणि त्यांवरून चालण्याचा हक्क कोणालाही आहे. शेतमालक तो नाकारू शकत नाही. घोडेस्वारांसाठी वेगळे मार्ग आहेत. सहा नंबरचा छर्रा चाळीसेक मीटरपलीकडे कबुतर मारण्याच्या कामाचा नसला, तरी तो पडतो दोनशे मीटरच्या आसपास. म्हणून लपणाची जागा ठरवतानाच कोणत्या बाजूला बंदूक वळवायचीच नाही, हे ठरवावे लागते. वाहतुकीच्या रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत बार काढून कोणाला इजा, धोका किंवा अडथळा झाला, तर १९८० च्या महामार्ग कायद्याने तो गुन्हा आहे. पायवाटेला हे कलम तसेच लागू होत नसले, तरी घोडा बुजून स्वार पडला, तर ‘मी अंतर मोजले होते’ या सबबीचा उपयोग नसतो. माझा शेजारी घोडेस्वार दिसताच दुनळी उघडून, काडतुसे काढून, लपणाबाहेर येऊन उभा राही. घोड्याला माणूस दिसला की तो सावरतो. झुडपातून अचानक निघालेल्या आवाजानेच तो बिथरतो. कुत्र्याला फिरायला नेणारी मंडळी थांबून प्रश्न विचारत, काही रागाने, काही कुतूहलाने, आणि तो दोघांनाही तितक्याच सावकाश उत्तर देई.

बंदुकीचे आवाज ऐकून कोणी पोलिसांना कळवले, तर पोलीसही येतात. बंदुकीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती हे दोन प्रश्न ठरलेले. २०१९ पासून त्यात तिसऱ्याची भर पडली. त्या वर्षी पर्यावरणवाद्यांनी कायदेशीर आव्हान दिल्यावर, वुडपिजनसह अनेक पक्षी मारण्याची सर्वसाधारण मुभा देणारे परवाने सरकारी संस्थेने एप्रिलच्या अखेरीस अवघ्या दोन दिवसांच्या सूचनेने रद्द केले. रानात कोवळी पिके उभी असताना हे घडल्याने शेतकरी संतापले. पण परवाने देण्याची जुनी पद्धत कायद्याला धरून नव्हती, हे त्या संस्थेनेच मान्य केले होते. काही आठवड्यांत नवे परवाने आले, ते अधिक कडक अटींसह. बुजगावणे, आवाज करणारी गॅसची तोफ, जाळी असे न मारता पिटाळण्याचे उपाय आधी करून पाहिले का, कोणत्या पिकाचे नुकसान होत आहे, आणि आज इथे बंदूक का आणावी लागली, हे लपणात बसलेल्या माणसाला आता सांगता यावे लागते. माझा शेजारी त्यासाठी एक वही ठेवी आणि ती काडतुसांच्या पिशवीतच असे.