न्यायासनासाठी मतं मागताना

नमस्कार श्रोतेहो.

माझं बालपण सोलापुरातलं. दुपारी गल्लीतून चाललं की उंबऱ्याशी विड्या वळत बसलेल्या बायका दिसायच्या. मांडीवर सूप. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापाला लावून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक नखानं आत मुडपायचं आणि दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. शाळेतून आलेली पोरं दप्तर टाकून त्याच सुपाशी बसायची.

हे आज आठवलं ते अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यायाधीश म्हणून निवडून आलेल्या सुरेंद्रन पट्टेल यांच्यामुळे. नावावरून गुजराती वाटतील, पण ते केरळचे, कासरगोड जिल्ह्यातले. आईवडील रोजंदारीवर. हा मुलगा बहिणीबरोबर रात्री विड्या वळायचा. दहावीनंतर शाळा सुटली आणि विड्या हेच काम झालं. पुढे पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तर हजेरी भरेना. शिक्षक परीक्षेला बसू देईनात. त्यानं एक संधी मागितली, पण गैरहजेरीचं कारण मात्र सांगितलं नाही, कारण कुणाची कीव नको होती. निकाल लागला तेव्हा तो पहिला आला होता. त्यानंतर कालिकतच्या सरकारी लॉ कॉलेजात प्रवेश घेतला, हॉटेलात काम करत शिकला, १९९५ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि वकील झाला.

पत्नी नर्स. तिला अमेरिकेत नोकरी मिळाली आणि २००७ मध्ये कुटुंब टेक्सासमधल्या ह्यूस्टनला गेलं. इथली दहा-बारा वर्षांची वकिली तिथे लगेच कामी येण्यासारखी नव्हती. पट्टेल किराणा दुकानात कामाला लागले. टेक्सासची वकिलीची परीक्षा दिली, ह्यूस्टन विद्यापीठातून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली. नागरिकत्व मिळालं २०१७ मध्ये, आणि तीनच वर्षांनी ते न्यायाधीशपदासाठी निवडणुकीला उभे होते.

हो, निवडणुकीलाच. टेक्सासमध्ये खटला चालवणारा न्यायाधीश लोक मत देऊन निवडतात, तेही पक्षाच्या तिकिटावर. मार्चमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पक्षाशी सामना, मुदत चार वर्षं. आपल्या नगरसेवकासारखंच म्हणा ना. मतदारांना भेटायचं, फलक लावायचे, देणग्या गोळा करायच्या.

२०२० मध्ये पट्टेल डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतल्या फेरीतच हरले. २०२२ मध्ये पुन्हा उभे राहिले, फोर्ट बेंड काउंटीच्या २४० व्या डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग; ह्यूस्टनला लागून असलेली ही आठ लाखांवर वस्तीची. मार्चमध्ये त्यांनी आपल्याच पक्षाच्या, त्या खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशांना हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवाराला.

या प्रचारात त्यांच्या विरोधात काय वापरलं गेलं? त्यांचे उच्चार. इंग्रजी बोलताना येणारा केरळी हेल. पक्षातलेसुद्धा म्हणत होते की तुम्ही निवडून येणार नाही. हे पट्टेल यांनीच नंतर मुलाखतींत सांगितलं.

इथे मी जरा थांबते, कारण माझं पोट बोलण्यावर चालतं. माझ्या पहिल्या आवाज-चाचणीत एका जाणत्या माणसानं मला म्हटलं होतं, "आवाज चांगला आहे, पण हेल सोलापुरी आहे." त्यानंतर कितीतरी महिने मी आरशासमोर 'ण' आणि 'ळ' घोटत बसले. काय बोलते याकडे लक्षच नव्हतं, कसं बोलते याचीच धास्ती. म्हणून पट्टेल तोच हेल घेऊन हजारो अनोळखी लोकांपुढे मत मागायला गेले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण ही पद्धत मला पटत नाही, हेही स्पष्ट सांगते. आज माझ्या खटल्याचा निकाल देणारा माणूस उद्या मतांसाठी हिंडणार असेल, तर लोकांना न आवडणारा निकाल देताना त्याचा हात थरथरणार नाही का? तिथे प्रचाराला देणग्या देणाऱ्यांत वकील बरेच असतात, आणि तेच वकील पुढे त्याच कोर्टात उभे राहतात. देणग्यांवर मर्यादा घालणारा कायदा टेक्सासनं १९९५ मध्ये केला, पण देणं-घेणं थांबलेलं नाही. शेजारच्या हॅरिस काउंटीत २०१८ मध्ये न्यायाधीशांच्या ५९ जागा एकाच पक्षाकडे गेल्या. त्यात चांगलं काम करणारे किती घरी बसले असतील!

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. परक्या देशातून आलेल्या, नागरिक होऊन पाच वर्षं झालेल्या माणसाला ते दार उघडलं. १ जानेवारी २०२३ रोजी त्यांनी काम हाती घेतलं.

आपल्याकडे खालच्या कोर्टात न्यायाधीश होण्याचं दार परीक्षेचं. एमपीएससीची पूर्व, मुख्य, मग मुलाखत. मत मागायला नको, हेल कुणी विचारत नाही. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षं वकिली केल्याची अट परत आणली. त्यामागचं कारण मला मान्य आहे. कोर्टाची पायरी न चढलेल्या पोरानं एकदम निकाल द्यायला बसू नये.

परवा सोलापूरला गेले होते. शेजारची मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई अजून विड्या वळते. मुलीला पट्टेल यांची गोष्ट सांगितली. तिनं मन लावून ऐकली. मांडीवर आईचं सूप होतं, दोरा गुंडाळायचं काम चालूच होतं. मग म्हणाली, "मावशी, ज्युनिअरला सुरुवातीला हातात काय पडतंय? तीन वर्षं घर कुणी बघायचं?"

तिची आई मान वर न करता म्हणाली, "मी बघते की."

नमस्कार.