भाजी, उसळ आणि रक्तातील साखर

श्रोतेहो, मधुमेहाचे निदान झाले की "भात-बटाटा कमी करा, भाज्या आणि कडधान्ये भरपूर खा" हा सल्ला जवळजवळ प्रत्येकाच्या कानावर पडतो. सल्ला चुकीचा नाही. परंतु त्यात भाजी आणि कडधान्य यांना एकाच दावणीला बांधलेले असते आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. दोन्ही पदार्थ रक्तातील साखर फारशी वाढवत नाहीत हे खरे, मात्र त्यामागची कारणे अगदी निराळी आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय ताटात काय वाढायचे व त्यातून काय काढायचे हे ठरवता येत नाही.

आधी भाजीचे पाहू. मेथी, पालक, दुधी, दोडका, पडवळ यांच्यात मुळात पाणी आणि चोथाच अधिक असतो. १०० ग्रॅम पालकात पचून साखर होईल असे कर्बोदक जेमतेम दोन-तीन ग्रॅम असते, आणि जे नाहीच ते रक्तात उतरणार तरी कोठून? बटाटा आणि रताळे बाजारात भाजीच्या टोपलीत बसत असले, तरी साखरेच्या हिशेबात त्यांची गणना भाताच्या पंक्तीत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कडधान्याची गोष्ट वेगळी. एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम शिजलेल्या हरभऱ्यात ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. ही काही थोडी नव्हेत. तरीही ती सावकाश पचतात, कारण दाण्यातील पिष्ट जाड पेशीभित्तीच्या आत कोंडलेले असते आणि शिजवल्यावरही त्यातील बऱ्याच पेशी अखंड राहतात. पाचकरसांना एकेका पेशीत शिरून काम करावे लागते. शिवाय या पिष्टात चिवट, उशिरा पचणाऱ्या अमायलोजचे प्रमाण धान्यापेक्षा अधिक असते, आणि जोडीला प्रथिने व तंतूही असतात. थोडक्यात, भाजीत साखरेचा माल कमी असतो, तर कडधान्यात माल असतो पण तो कुलपात असतो. दाणा जितका बारीक दळाल तितके ते कुलूप सैल होते, म्हणून अख्ख्या हरभऱ्याच्या उसळीची बरोबरी बेसनाचे पिठले करू शकत नाही. अर्थात मैद्यापेक्षा बेसन केव्हाही बरे.

हा वेग मोजण्याची पद्धत टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील एवढा पदार्थ उपाशीपोटी खायला देऊन दोन तास रक्तातील साखर तपासायची आणि तिची तुलना ग्लुकोजशी करायची. ग्लुकोजचा आकडा १००. या मोजपट्टीवर हरभरा साधारण २८, तर पांढरा भात ७० च्या पुढे येतो. भाज्यांना मात्र ही पट्टी नीट लावता येत नाही. पालकातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळवायची तर दोन-अडीच किलो पालक एका बैठकीत खावा लागेल. गाजराचे याच पट्टीने फार नुकसान केले. १९८१ च्या यादीत त्याचा आकडा ९० च्या वर होता, पुढील मोजण्यांत तो चाळिशीच्या आसपास आला, पण मधुमेह्याला गाजर वर्ज्य ही समजूत अजूनही भेटते. म्हणून वेगाबरोबर प्रमाणाचाही गुणाकार करावा: इंडेक्सच्या आकड्याला वाढलेल्या पदार्थातील कर्बोदकांच्या ग्रॅमांनी गुणून शंभराने भागावे, म्हणजे त्या पदार्थाचा साखरेचा भार मिळतो. तसा तो केला की वाटीभर गाजराचा भार तीनच्या आसपास, १५० ग्रॅम हरभऱ्याचा आठ-नऊ आणि तेवढ्याच भाताचा तीसच्या घरात जातो.

यावरून गाजर हरभऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरते का? मला तसे वाटत नाही, कारण गाजर खाऊन पोट भरत नाही आणि भाताची जागा ते घेऊ शकत नाही. ती जागा उसळ घेऊ शकते, आणि कडधान्याचे खरे मोल मला यातच दिसते. जेनकिन्स यांच्याच गटाने टाइप २ मधुमेहाच्या १२१ रुग्णांवर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज किमान एक कप कडधान्ये खाणाऱ्यांचे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारे रक्तातील टक्केवारीचे माप, तीन महिन्यांत ०.५ टक्के-अंकांनी उतरले. गव्हाचे तंतुमय पदार्थ वाढवणाऱ्यांचे ०.३ ने. आणखी एक गुण १९८२ मध्येच दिसला होता: न्याहारीत मसूर खाल्ली, तर दुपारच्या जेवणानंतरही साखर कमी चढते.

आपल्याकडे मात्र मटकीची उसळ तीन पोळ्यांबरोबर आणि वर भात-वरण असे जेवण होते. तेथे उसळ कशाचीही जागा घेत नाही, ती नुसती भर पडते. उपवासाच्या दिवशी तर उलटेच घडते: कडधान्ये वर्ज्य आणि साबुदाणा, बटाटा, रताळे चालतात. त्या ताटातील शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगवर्गीयच आहे, आणि खिचडीत साबुदाणा कमी करून शेंगदाण्याचे कूट वाढवले तर नियमही मोडत नाही आणि साखरही तितकी उसळत नाही.

हे घरी पडताळता येते. एके दिवशी नेहमीचा भात आणि वरण, दुसऱ्या दिवशी निम्मा भात, वाटीभर अख्ख्या मुगाची उसळ आणि भरपूर पालेभाजी घ्या, आणि दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहून वहीत लिहा. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी भात निम्मा करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण औषधाची मात्रा जुन्या ताटाच्या हिशेबाने ठरलेली असते आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कडधान्यांचे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.