पाखरांकडे निरखून पाहताना

प्रिय बंधुभगिनींनो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘निसर्गातून ख्रिस्ती प्रीतीचे धडे’ असा छापला आहे. मला मात्र त्याआधी ‘निरखून’ या एकाच शब्दाविषयी बोलायचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, प्रभू येशू आकाशातील पाखरांचा दाखला देतो, तेव्हा आपले मराठी पवित्र शास्त्र नुसते ‘पाहा’ म्हणत नाही, ‘निरखून पाहा’ म्हणते. आणि मूळ ग्रीक क्रियापदातही दृष्टी रोखण्याचाच भाव आहे. आपण पाखराकडे ओझरते पाहतो, कारण त्याच्याकडून घ्यायचा धडा आपण घरूनच ठरवून आणलेला असतो.

युरोपातल्या जुन्या वेदींवर पेलिकन पक्ष्याची मादी स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजताना कोरलेली दिसते, आणि १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या स्तोत्रात ख्रिस्ताला पेलिकन म्हणूनच साद घातली. प्रतीक म्हणून मला ते पूज्य आहे. परंतु पेलिकन असे काही करत नाही. तो आपल्या झोळीतून पिल्लांना मासे भरवतो. खरी पाखरे एवढे काही करत असताना त्यांच्या नावावर कल्पित त्याग का मांडावा, असे मला फार वाटते.

आपल्या वसईत राखी धनेश किती जणांनी पाहिला आहे? हात वर करा. पुष्कळ आहेत! आता त्याची ढोली किती जणांनी पाहिली आहे? पाहा, हात कसे भराभर खाली आले.

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टर या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आमच्या वाडीजवळच्या रस्त्याकडेला एका जुन्या आंब्याच्या ढोलीत धनेशाच्या मादीने स्वतःला कोंडून घेतले. विष्ठा आणि माती लिंपून ती दार बुजवते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते, आणि आत तिची उडण्याची पिसेही गळून जातात. त्यामुळे तिची आणि पुढे पिल्लांची सारी भिस्त नरावर असते. मी पहाटेच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, बावखलाच्या, आमच्या वाडीतल्या तळ्याच्या, काठावर बसू लागलो. पहिले आठ दिवस कंटाळ्यात गेले. मग लक्षात येऊ लागले की नर उंबराची फळे गळ्यात साठवून आणतो, एकेक वर काढतो आणि फटीत देतो. एके दिवशी आतून चोच आलीच नाही, तेव्हा तो फळ चोचीत धरून तसाच खोडाला बिलगून राहिला. मला येशूच्या कबरीची आठवण झाली, परंतु ती तुलना मी आवरली, कारण आतली मादी मेलेली नव्हती, ती अंडी उबवत होती.

पुनरुत्थानाचा सण झाला आणि त्याच आठवड्यात तो आंबा तोडला गेला. झाड पोकळ आहे, रस्त्यावर कलले आहे, असे कारण सांगितले गेले, आणि ते खोटेही नव्हते. पण करवत लावण्यापूर्वी कोणी मान वर करून पाहिले नाही. ढोलीत फुटलेली अंडी होती. मादी जिवंत होती, पण तिला उडता येत नव्हते, आणि दोन दिवसांत ती गेली. नर मात्र त्यानंतरही तीन सकाळी आला. शेजारच्या माडावर बसून तो गळ्यातले उंबर चोचीत घेई, झाड होते त्या मोकळ्या जागेकडे पाही आणि ते फळ पुन्हा गिळी.

मी तोडणाऱ्यांवर पुष्कळ दिवस रागावलो होतो. वास्तविक ती ढोली ठाऊक असलेला मी एकटाच होतो, आणि मी ती कोणालाही दाखवली नव्हती. ती माझी खासगी ठेव आहे, असे मी मानून बसलो होतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा पत्रिकेवरच्या विषयाकडे आता घाईने वळतो. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असे सांगतो. धनेशाला आपण सहनशील म्हणावे का, हे मला ठरवता येत नाही. त्याच्यासाठी बसून राहताना थोडीफार सहनशीलता माझ्यात आली, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. परोपकार मात्र माझ्यात आला नव्हता, कारण माझ्या पाहण्याने त्या पाखराचा काहीच बचाव झाला नाही. निसर्गात निष्ठुरपणाही आहे. काही गरुडांत थोरले पिल्लू धाकट्याला मारते, आणि शास्त्रज्ञांनी त्या वर्तनाला नाव दिले आहे ते पवित्र शास्त्रात सख्ख्या भावाला मारणाऱ्या काइनाचे. म्हणून दिसेल ते अनुकरणीय, असे मी म्हणणार नाही. दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्यांविषयी बोलताना प्रभूनेही त्या पडणारच नाहीत असे आश्वासन दिलेले नाही. पित्यावाचून त्यांतली एकही जमिनीवर पडत नाही, एवढेच तो म्हणतो. तो आंबा पडला त्या सकाळीही पिता तिथे होता, असा माझा विश्वास आहे, आणि मी तिथे नव्हतो.

या सभागृहामागच्या शिरीषाला दक्षिणेकडे एक ढोली आहे, आणि गेल्या रविवारपासून तिचे तोंड लिंपले जात आहे. उद्या पहिल्या मिस्सेनंतर मी कुंपणाच्या अलीकडे, झाडापासून पुरेशा अंतरावर बसलेला असेन. ज्यांना जमेल त्यांनी यावे, आणि येताना मुलांना सोबत आणावे.