दादासाहेब गायकवाड म्हणजे फक्त काळाराम नव्हे!

जय भीम, नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात सबलीकरण योजनेवर व्हिडिओ टाकला होता. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते, ती योजना. मला वाटलं कागदपत्रांचं विचाराल. पण निम्म्या कमेंटमध्ये एकच प्रश्न: योजनेला ज्यांचं नाव आहे ते दादासाहेब गायकवाड कोण? आणि विचारणारे कोण, तर नाशिककर! अहो, मुंबई नाक्याजवळच्या दादासाहेब गायकवाड सभागृहात तुम्ही किती कार्यक्रमांना बसून आलात!

एका दादांनी लिहिलं, "रयत शिक्षण संस्थेचे ना?" नाही. ते कर्मवीर भाऊराव पाटील, साताऱ्याचे. आपले भाऊराव कृष्णराव गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. दोघंही भाऊराव, दोघंही कर्मवीर, म्हणून गल्लत होते.

कारकीर्द पटकन सांगते. जन्म १९०२. १९३७ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई प्रांताच्या विधानसभेत. १९५७ला नाशिकचे खासदार, १९६२ ते ६८ राज्यसभा. ६८लाच पद्मश्री. ७१च्या डिसेंबरात गेले. झालं.

आता काळाराम. पंचवटीतल्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३०ला सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, आणि नाशकातली रोजची जोडणी दादासाहेबांकडे. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. पुढे पाच वर्षं लढा चालला. हे सगळं मोठंच आहे, पण आपण त्यांना पंचवटीतल्या त्या दारापाशीच उभं करून ठेवलंय, याचा मला राग येतो. दादासाहेब तिथून पुढे चाळीस वर्षं जगले आणि त्यातला जीव त्यांनी जमिनीच्या प्रश्नात ओतला.

जमीनच का? महार वतन म्हणजे गावकीची कामं रात्रंदिवस करायची आणि बदल्यात वतनाचा तुकडा. पिढीगणिक वाटण्या होत तो तुकडा नावापुरता उरायचा. म्हणजे पोटाला शेतमजुरी, आणि मजुरी कुणाकडे, तर ज्याच्यासमोर मान वर करायची सोय नाही त्याच्याकडे. स्वतःचं रान असल्याशिवाय यातून सुटका नव्हती. म्हणून १९५९ला भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि ६ डिसेंबर १९६४पासून पुन्हा. दोन्ही वेळा दादासाहेब खासदार होते, हे लक्षात घ्या. दिल्लीत खुर्ची होती, तरी माणूस रस्त्यावर होता. ६४ला तर लोकांनी तुरुंग भरले.

मागील व्हिडिओखाली एक कमेंट होती, "फुकट जमिनी मागायचं आंदोलन." नाही हो. मुख्य मागणी होती सरकारी पडीक जमिनीची, गायरानाची.

अजून नीट सांगते. आमच्या आत्याच्या गावाला गायरानाला लागून एक माळ आहे. त्याचा जुना उतारा मी हातात धरून पाहिलाय. कब्जेदाराच्या जागी लिहिलंय 'सरकार', आणि खाली पीक पाहणीत, बाजरीपुढे, कसणाऱ्याचं नाव. वर मालक सरकार, खाली घाम माणसाचा. वरचं नाव बदलून खालचं तिथे यावं, एवढीच ती मागणी. मला तो उतारा दाखवताना आत्याचा आवाज भरून आला होता.

आणि दुसरं, ही मागणी एका जातीपुरती नव्हती. जो भूमिहीन, त्याला जमीन, मग तो कुणीही असो. इतर समाजांतले शेतमजूरही त्यात उतरले होते. गायरान गेलं तर गुरं कुठे चारायची, हा गावकऱ्यांचा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण गुरांना माळ आणि माणसाला काहीच नाही, असं तर चालणार नव्हतं ना?

निफाडच्या एका ताईंनी लिहिलंय, त्यांची आजी कडेवरचं मूल घेऊन ६४च्या तुरुंगात गेली होती. आत बायका रात्री जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, त्यात बाबासाहेबांचं नाव यायचं. ताई, आजींना त्यातली एखादी ओवी आठवत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आजच. माझ्या आजीची मी ठेवली नाही.

योजनेचा अर्ज कुठे करायचा, हे पण खूप जणांनी विचारलंय. समाजकल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय, नाशकात नासर्डी पुलाजवळ. जातीचा दाखला, दारिद्र्यरेषेचा पुरावा आणि भूमिहीन असल्याचा दाखला, तिन्ही घेऊन जा. यातला तिसरा आधी काढा, तोच सगळ्यात उशिरा हातात येतो.