उत्तराचं घर कुठं?

नमस्कार श्रोतेहो.

परीक्षा जवळ आली की घराघरातून एक वाक्य ऐकू येतं. "उतारा नीट वाच, उत्तर उताऱ्यातच असतं." आई म्हणते, मोठा दादा म्हणतो, शिकवणीचे सर म्हणतात. मीही कितीतरी वर्षं वर्गात हेच सांगत आले. हे वाक्य अर्धंच खरं आहे. त्या अर्ध्या वाक्यापायी मुलांचे गुण जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला वाचताच येत नाही असं मुलांना वाटायला लागतं.

शिष्यवृत्ती परीक्षेचा पहिला पेपर घ्या. ९० मिनिटं आणि ७५ प्रश्न, त्यातले २५ भाषेचे. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला भाषेचे २० प्रश्न असतात आणि ते सगळे उताऱ्यांवर, चार उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न. मूल प्रश्न वाचतं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून शोधायला लागतं. दर प्रश्नाला पहिल्या ओळीपासून! वेळ तिथंच जातो. प्रश्न वाचल्यावर आधी एवढंच ठरवायचं की या प्रश्नाचं उत्तर राहतं कुठं. आधी उत्तराचं घर शोधायचं, मग उत्तर.

हे मला एका मुलानं शिकवलं. त्याची गोष्ट सांगते.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. दिवाळी झाली की तिथली घरंच्या घरं कोयता घेऊन साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी काही पोरं. जानेवारी महिना होता. शिष्यवृत्तीचा जादा तास, सकाळी आठचा. मुलं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसलेली. मी फळ्यावर उतारा लिहिला. उतारा मी नेहमी फळ्यावरच लिहिते. झेरॉक्सचा कागद हातात दिला की मुलं उताऱ्यावरून नुसती नजर फिरवतात, फळ्यावरचा उतरवून घेताना प्रत्येक शब्द डोळ्याखालून जातो. माझं हे मत आजही पक्कं आहे.

उतारा असा होता. ऐका हं.

"आजीने पहाटे उठून अंगणात सडा घातला. तुळशीला पाणी घातले. चुलीवर पुरणाचे पातेले चढले. त्या दिवशी कोणताही सण नव्हता. दुपारपर्यंत आजी पाच वेळा फाट्यापर्यंत जाऊन आली. एसटीचा आवाज आला तशी ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली."

खाली चार प्रश्न. पहिला, आजीने कशाला पाणी घातले? दुसरा, आजीने सकाळी कोणकोणती कामे केली? तिसरा, आजीने पुरण का घातले असावे? आणि चौथा, तुम्ही कधी कोणाची वाट पाहिली आहे का? त्याविषयी लिहा.

पहिले दोन पटापट झाले. तिसऱ्याला निम्म्या वर्गानं लिहिलं, "चुलीवर पुरणाचे पातेले चढले." प्रश्नात पुरण होतं, उताऱ्यात पुरण होतं, वाक्य उचललं, खाली ठेवलं. शेवटच्या रांगेत एक मुलगा बसायचा. कधी हात वर करायचा नाही. तो वहीवर बोट ठेवून एकेक ओळ सरकवत होता. खालपर्यंत आला, पुन्हा वर गेला. तीन वेळा. मग म्हणाला, "बाई, ह्यात लिव्हलेलंच न्हाई."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. कारण त्याचं खरं होतं. वर्षभर मी सांगितलं होतं, उत्तर उताऱ्यातच असतं. तो प्रामाणिकपणे शोधत होता आणि ते तिथं नव्हतं.

मी विचारलं, "मग कुठं असेल?" एक मुलगी उठली. "बाई, तिचा मुलगा फौजेत असतो. तो सुट्टीवर येणार होता." मी म्हटलं, छान आहे. पण फौज कुठं दिसली तुला? बोट ठेव. तिला ठेवता येईना.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला. "सण न्हवता, तरी पुरण घातलं. म्हंजी कुणीतरी येणार व्हतं. पाच बारी फाट्यावर गेली म्हंजी ते लांबून येणार व्हतं. माझी आजी बी असंच करती. पट्टा पडला की."

पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. परत यायला अजून दोन-तीन महिने होते.

मी त्याला पुढं बोलावलं आणि विचारलं, "हे तुला कुठं सापडलं?" त्यानं एका हाताचं बोट फळ्यावर 'सण नव्हता' या शब्दांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या कपाळावर. मी काही सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून केलं.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात प्रश्नांची नावं बदलली. उत्तर एकाच ओळीत असेल तर तो एका बोटाचा प्रश्न. दोन-तीन ठिकाणचं गोळा करून जोडायचं असेल तर दोन बोटांचा. ओळींच्या मधलं ओळखायचं असेल तर एक बोट उताऱ्यावर, एक कपाळावर. आणि स्वतःचं मत, स्वतःचा अनुभव विचारला असेल तर हात छातीवर. प्रश्न वाचला की मुलं उत्तर सांगायच्या आधी हात दाखवायची. पुन्हा सांगते. एक बोट, दोन बोटं, बोट आणि कपाळ, छातीवर हात. बोट कपाळाला लावलं तरी दुसरं बोट उताऱ्यावरून उचलायचं नाही. 'फौजेतला मुलगा' हे उत्तर तिथंच चुकलं होतं.

त्या मुलानं चौथ्या प्रश्नाखाली काहीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढं वाचनात आलं, की अमेरिकेत टॅफी राफेल या बाईंनी १९८०च्या दशकात मुलांना शिकवण्यासाठी प्रश्न आणि उत्तर यांच्या नात्याचे असेच चार प्रकार मांडले होते. समोरच असलेलं, शोधून जोडायचं, लेखकाचं आणि माझं मिळून, आणि फक्त माझं. वाचून फार आनंद झाला.

आता प्रश्न ओळखायचा कसा? मराठीत प्रश्नाचं क्रियापद बघा. "पुरण का घातले?" आणि "पुरण का घातले असावे?" यात एका 'असावे'नं उत्तराचं घर बदललं. 'असावे', 'यावरून', 'सूचित होते', हे शब्द दिसले की कपाळ. 'तुमच्या मते', 'तुम्हांला काय वाटते' दिसलं की छाती. दहावीच्या कृतिपत्रिकेतलं स्वमत ते हेच. आणि 'नाही' हा शब्द. "कोणते विधान उताऱ्याशी जुळत नाही?" त्या 'नाही'भोवती पेन्सिलीनं गोल करायची सवय लावा. हुशार मुलं या 'नाही'वर घसरतात.

शब्दाचा अर्थ विचारला तर तो उताऱ्यातला अर्थ. पातेलं चुलीवर चढतं ते काही झाडावर चढल्यासारखं नाही. शीर्षक विचारलं तर मापाचं शोधायचं. 'तुळशीला पाणी' तोकडं पडतं, 'ग्रामीण जीवन' ढगळ होतं, 'वाट' अंगासरशी बसतं.

ही ओळींच्या मधलं ओळखायची सवय पूर्वी घरातच लागायची. रात्री जेवणं झाली की कोडी पडायची. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे." दात आणि जीभ! चिरे किती आणि नागीण कुठं फिरते, एवढ्यावरून ओळखायचं. एक बोट शब्दांवर, एक कपाळावर, हेच की ते. आता कोडी घालणारी आजी घरात आहे, पण तिला कुणी विचारत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रश्नसंचावर पैसे घालता ना, मग आजीजवळ दहा मिनिटं बसवा.

आज रात्री एक करून बघा. वर्तमानपत्रातली छोटी बातमी घ्या, नाहीतर ग्रामपंचायतीची पाण्याची सूचना घ्या. मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्या आजी-आजोबांनीही ऐकायला बसावं, कारण प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही. पाणी कधी येणार? एक बोट. आपल्या आळीला किती दिवस मिळणार नाही? दोन बोटं. सूचना आत्ताच का लावली असावी? तिथं मूल थांबेल. त्याला थांबू द्या. लगेच उत्तर सांगू नका. त्याचं बोट कागदावर कुठं जातंय, ते बघा.

नमस्कार.