दिनो झोफ : उशिरा पिकलेला गोलरक्षक

मित्रहो, दिनो झोफचं नाव घेतलं की जुने फुटबॉलवेडे लगेच 1142 हा आकडा सांगतात. 1972 ते 1974 या काळात इटलीकडून खेळताना इतकी मिनिटं त्याने एकही गोल होऊ दिला नाही. वेम्बलीवर इंग्लंडला इटलीने पहिल्यांदा हरवलं, तेही याच काळात. मग म्युनिकला विश्वचषकात समोर आला हैती. मध्यंतरानंतर लगेच सानोन पळत सुटला, झोफला चकवलं आणि चेंडू जाळ्यात! सामना इटलीने 3-1 असा जिंकला, पण आज लक्षात आहे तो सानोनच. गोलकीपरच्या धंद्यात हे असंच असतं.

मला मात्र त्या विक्रमापेक्षा 1978 नंतरची चार वर्षं जास्त मोलाची वाटतात.

थोडं मागे जाऊ. झोफचा जन्म 1942 चा, ईशान्य इटलीत फ्रिऊलीमधल्या मारियानो या गावचा. चौदाव्या वर्षी युव्हेंटस आणि इंटर या दोन्ही क्लबांनी त्याला उंची कमी म्हणून परत पाठवलं. आजीने रोज आठ अंडी खायला घातली आणि पोरगा उंच झाला, असं सांगतात. अंड्यांचं श्रेय किती आणि वयाचं किती, हे आजीला कोण विचारणार! उदिनेझेकडून पदार्पण केलं त्या सामन्यात पाच गोल खाल्ले. पुढे मांतोवा, मग नापोली. ज्या युव्हेंटसने नाकारलं होतं तिथे तो पोचला तेव्हा तिशी गाठली होती. तिथे अकरा हंगाम आणि सहा लीग विजेतेपदं.

त्याचा खेळ डोळे दिपवणारा नव्हता. चेंडू कुठे येणार हे आधी ओळखून तो तिथे उभा असायचा, त्यामुळे झेप घ्यायची वेळच कमी यायची. छायाचित्रकारांची पंचाईत होत असणार.

आता 1978. अर्जेंटिनातल्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या आरी हानने खूप लांबून फटका मारला. चेंडू खांबाला लागून आत गेला आणि इटलीची अंतिम फेरी हुकली. तिसऱ्या जागेच्या सामन्यात ब्राझीलच्या नेलिन्यो आणि दिर्सेऊनेही लांबूनच गोल केले. छत्तीस वर्षांच्या माणसाला आता दिसत नाही, असं लोक उघड बोलू लागले. प्रशिक्षक बेआर्झोत हासुद्धा फ्रिऊलीचाच, तितकाच हट्टी. त्याने झोफला काढलं नाही. उलट 1982 साली स्पेनला नेलं ते कप्तान म्हणून, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

तिथे पहिल्या तिन्ही सामन्यांत बरोबरी. वृत्तपत्रांनी इतकं झोडपलं की खेळाडूंनी पत्रकारांशी अबोला धरला. संघातर्फे बोलायचं कुणी? कप्तानाने! अख्ख्या संघातला सर्वांत घुमा माणूस प्रवक्ता झाला. पत्रकारांना याहून मोठी शिक्षा देता आली नसती.

मग बार्सिलोनात ब्राझील. उपांत्य फेरीत जायला त्यांना बरोबरी पुरेशी होती आणि पाओलो रॉसीच्या तीन गोलांमुळे इटली 3-2 पुढे होती. शेवटच्या मिनिटांत एदेरची फ्री किक आली आणि ऑस्करने जोरकस हेडर मारला. झोफ डावीकडे झेपावला आणि चेंडू त्याने गोलरेषेवरच दाबून धरला. बाहेर ढकलला नाही, हे लक्षात घ्या. ढकललेल्या चेंडूवर दुसरा कुणी तुटून पडला असता. ब्राझीलवाल्यांचे हात जल्लोषात वर गेले होते आणि झोफ चेंडू सोडायला तयार नव्हता. रेफ्रींनी गोल दिला नाही. माझ्या मते तो विश्वचषक इटलीने इथेच जिंकला; माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीवरचा 3-1 विजय त्यानंतरचा.

परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी, बेआर्झोत, संघातला काउझिओ आणि झोफ पत्ते कुटत बसले. शेजारी विश्वचषक ठेवलेला. तो फोटो जरूर बघा.

पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात हॅम्बर्गच्या मागाटने पुन्हा लांबूनच गोल केला, युव्हेंटस हरला आणि झोफ निवृत्त झाला. युरोपियन कप त्याला कधीच मिळाला नाही.

प्रशिक्षक म्हणून त्याने 1990 मध्ये युव्हेंटसला यूएफा कप जिंकून दिला. मग तो इटलीचा प्रशिक्षक झाला. 2000 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटली जिंकायला काही सेकंदच उरले होते, तेवढ्यात फ्रान्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ट्रेझेगेने सामना संपवला. राजकारणी आणि मिलान क्लबचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनींनी डावपेचांवरून जाहीर टीका केली. खेळाडू म्हणून झोफने अशा टीकेला कधी तोंडाने उत्तर दिलं नव्हतं. या वेळी पत्रकारांना बोलावलं, आपल्या कामाचा अपमान झाला असं सांगितलं आणि राजीनामा देऊन मोकळा झाला.