तुम्हाला उठवलं कोणी?

‘नशीब’ हा विषय तुम्ही मला दिलात, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एक गॅरेज आलं. हसू नका.

२५ जुलै २०२४. खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. मी तिथलाच, तळमजल्यावरचा. फ्रिज गेला, सोफा गेला, आणि चार महिन्यांपूर्वी हप्त्यांवर घेतलेली गाडी स्टेअरिंगपर्यंत बुडाली. पाच दिवसांनी गॅरेजबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका काकूंना, ओळख ना पाळख, माझं नशीब कसं फुटकं ते सांगत होतो. पुण्यात गाऱ्हाणं कुणीही ऐकून घेतं. मधेच दुरुस्ती सुचवायची सोय असते ना!

काकू म्हणाल्या, “आमचं पानशेतच्या पुरात गेलं.”

१२ जुलै १९६१, बुधवार. काकू तेव्हा नऊ वर्षांच्या, राहायला नारायण पेठेत. सकाळी पानशेत धरण फुटलं, तो लोंढा खडकवासल्यात आला आणि मग तेही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. ह्यांचा वाडा मातीचा. पाणी ओसरल्यावर जाऊन बघतात तर नुसतं जोतं. पुढचं सगळं बालपण गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत.

“म्हणजे तुमचं नशीब माझ्याहून वाईट,” मी म्हणालो. मला वाटलं, मी सहानुभूती दाखवतोय. काकू चिडल्या.

“वाईट कसं? दिवसा आलं ना पाणी! रात्री आलं असतं तर मी इथे बसले असते का?”

पानशेतचं धरण आदल्या दिवशीच खचायला लागलं होतं. लष्कराचे जवान रात्रभर त्यावर वाळूची पोती रचत होते, म्हणून ते सकाळपर्यंत तगलं. काकू ह्याला नशीब म्हणायलाही तयार नव्हत्या. “कुणाकुणाच्या पाठी मोडल्या हो त्या रात्री.”

मग एकदम माझ्याकडे वळून, “तुम्हाला उठवलं कोणी?”

वॉचमननं. वीज गेलेली, बेल बंद. त्यानं दार बडवलं. आईला गुडघ्यांमुळे चालवत नाही. तिला आम्ही दोघांनी उचलून जिन्यावर नेईपर्यंत पाणी उंबऱ्याला लागलं होतं. गाडीची कथा मी पाच दिवसांत पन्नास जणांना ऐकवली असेल. त्यात हा माणूस एकदाही आला नव्हता.

“त्याचं काय काय भिजलं?”

मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात काकूंच्या नातवाची स्कूटर तयार झाली आणि त्या मागे बसून गेल्यासुद्धा. नाव विचारायचं राहिलंच.

संध्याकाळी वॉचमनच्या खोलीकडे गेलो. खोली कसली, जिन्याखालची जागा. दाराबाहेर दोरीवर त्याच्या मुलीच्या वह्यांची सुटी पानं चिमटे लावून वाळत घातली होती. शाई पार पसरलेली. मला बघून तो उठून उभा राहिला. “साहेब, गाडी झाली का नीट?”